बिनपंजाची लादी

१

परीक्षा संपली आणि बाबांनी धाकटीला कारखान्यात बसवलं. आई म्हणाली, "अहो, पोरगी अठरा वर्षांची झाली. हमालांच्या गर्दीत काय बसवता तिला?" बाबा म्हणाले, "घरात पंख्याखाली लोळण्यापेक्षा बरं. तिथे गार तरी वाटेल." झालं, ठरलं. थोरलीला असं कधी कुणी बसवलं नव्हतं, पण थोरली ती थोरली. धाकटीला विचारून काही ठरवायची त्या घरात पद्धतच नव्हती.

कारखाना बर्फाचा. तेव्हा घरोघरी फ्रीज नव्हते. मासळीबाजार, दूधवाले, आइस्क्रीमवाला, इस्पितळ, सगळ्यांची धाव इथे. मोठ्या हौदात खारं पाणी, त्यात पाण्याने भरलेले उंच पत्र्याचे डबे सोडलेले, वर फळ्यांची झाकणं. डबा साखळीने वर ओढायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा आणि आडवा करायचा, की लादी सुर्रकन बाहेर. मग आकड्याने ओढत ती मागच्या बर्फखोलीत नेऊन उभी करायची. यंत्र दिवसभर धप्‌ धप्‌ करत असायचं. पहिले चार दिवस त्याने डोकं उठतं, नंतर ते थांबलं की माणूस दचकतो.

आता बर्फावर नाव कसं लिहिणार? खडू टिकत नाही, रंग फासला तर तो बर्फ खाणार कोण? म्हणून धाकटीच्या आजोबांच्या वेळेपासून एक रीत चालत आली होती. गिऱ्हाइकाने सकाळी यायचं, लादी पसंत करायची आणि तिच्यावर आपला पंजा दाबून धरायचा. अंगाच्या उबेने तेवढाच बर्फ वितळायचा आणि पंजाचा खळगा उठायचा. याला म्हणायचं पंजा देणं. पंजा दिला की लादी तुमची. दुपारी या, संध्याकाळी या, कुणी हात लावणार नाही. एकदा आइस्क्रीमवाल्याने चुकून मासळीवाल्या मावशीची लादी नेली, तर मावशी भर दुकानात शिरली, त्या खळग्यात आपला हात बसवला आणि म्हणाली, "बघ रे बाबा, कुणाचा आहे!" त्याने मुकाट्याने लादी उचलून तिच्या गाडीवर ठेवली. तिथे वाद घालायची सोयच नव्हती.

आणखी एक रीत होती. घरच्या माणसाने कुठल्याही लादीला पंजा द्यायचा नाही. का, ते बाबांनाही सांगता येत नव्हतं. आजोबा देत नसत म्हणून आपण देत नाही, एवढंच.

धाकटीचं काम होतं आलेल्या माणसाचा हात बघायचा, खोलीत जाऊन जुळणारा खळगा शोधायचा आणि लादी काढून द्यायची. आठ-दहा दिवसांत ती इतकी तयार झाली की नुसता खळगा पाहून माणूस ओळखायची. मावशीची करंगळी वाकडी, आइस्क्रीमवाल्याचा पंजा पाटाएवढा, इस्पितळाच्या शिपायाला एक बोट कमी. यंत्रावरचे मिस्त्री तिला ज्योतिषीणबाई म्हणायला लागले. मनातून धाकटी सुखावली होती. घरात कुणी विचारत नसलं, तरी इथे तिच्यावाचून कुणाचं तरी अडत होतं.

२

ऊन चांगलंच तापलं तेव्हा तो आला. सायकल घेऊन, कॅरिअरवर गोणपाटाची घडी. तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. धाकटीला आधी हसूच आलं. लोक बनियनवर फिरत होते आणि हा लग्नाला निघाल्यासारखा.

"एक लादी हवी होती," तो म्हणाला. "रोज लागेल."

"कसलं दुकान आहे तुमचं?"

"दुकान नाही. घरी हवी. आईला बरं नसतं."

तिने रीत समजावून सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली. मधेच तोडलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. आणि मग म्हणाला, "म्हणजे इथे माणसाची सही म्हणजे त्याची ऊब."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. एवढं छान तिला कधी सुचलं नव्हतं.

त्याने एका लादीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला, कारण तेवढ्यात दोघं बोलत होती: यंत्र का धपधपतं, बर्फात मधोमध पांढरं का दिसतं, असलंच काहीबाही. जाताना त्याने विचारलं, "आज बाहेर फार ऊन आहे का हो?"

"अहो, तुम्हीच तर बाहेरून आलात!"

"तेही खरंच," तो हसला आणि संध्याकाळी येतो म्हणून गेला.

ती लादी सरळ करायला गेली. लादी गुळगुळीत होती. कुठे खळगा नाही, बोटांच्या खुणा नाहीत, साधा ओलावासुद्धा नाही.

दाबलाच नसेल नीट, तिने मनाशी म्हटलं. बोलण्याच्या नादात नुसता टेकवला असेल. आणि ती गालातल्या गालात हसली, कारण बोलण्याच्या नादात म्हणजे तिच्याशी बोलण्याच्या नादात.

३

पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम लक्ष ठेवलं. तो चांगला दाबून धरत होता, मनगटाच्या शिरा दिसत होत्या. हात उचलला, खाली कोरडा, गुळगुळीत बर्फ.

"काही लोकांचे हात थंडच असतात," थोरलीचा नवरा जेवताना म्हणाला. तो त्याच घरात राहायचा, औषधाच्या दुकानात कामाला, त्यामुळे घरात त्याला अर्धा डॉक्टर मानायचे. "रक्त कमी असतं. पालेभाज्या खायला सांग." धाकटीला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कारण दुसरं काय असणार होतं?

अडचण निराळीच झाली. बिनपंजाची लादी म्हणजे कुणाचीच नाही, मोकळी. ती दोनदा आइस्क्रीमवाल्याने उचलली. दुसऱ्यांदा सायकलवाला मुलगा संध्याकाळी आला तेव्हा खोलीत एकही लादी शिल्लक नव्हती. त्याने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली आणि म्हणाला, "आज आईला जड जाईल." आणि रिकामं गोणपाट घेऊन निघून गेला. धाकटीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून चौथ्या दिवशी तो गेल्यावर तिने इकडे-तिकडे पाहिलं. बाबा हिशेबात होते, मिस्त्री यंत्रात डोकं घालून बसले होते. तिने त्याच्या लादीवर आपला उजवा हात ठेवला आणि दाबला. गार कळ कोपरापर्यंत गेली. हात उचलला तेव्हा सुरेख, खोल पंजा उठला होता. अंगठ्याखालचा लहानपणी पत्रा लागल्याचा आडवा व्रणसुद्धा स्पष्ट दिसत होता. आता ही लादी नेण्याची कुणाची छाती होणार नव्हती.

संध्याकाळी त्याने ती पाहिली. खळग्यावरून अलगद बोट फिरवलं.

"हा कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. "कुणी नेऊ नये म्हणून. रोज देत जाईन. पण बाबांना कळू देऊ नका हं."

"तुमचा पंजा," तो म्हणाला, "मी घरी नेऊ?"

आता यावर कुठल्या मुलीने काय म्हणावं? तिने मान हलवली.

४

त्यानंतरचे दिवस. धाकटीला विचाराल तर तिच्या उभ्या आयुष्यात तसे दिवस पुन्हा आले नाहीत. पुढे संसार चांगला झाला, नवरा भला मिळाला, सगळं झालं. पण ते ते आणि हे हे.

तो दुपारी यायचा, जेव्हा रस्ता ओस पडायचा आणि बाबा घरी जेवायला गेलेले असायचे. दोघं बर्फखोलीच्या दारात बसायची, ती उंबऱ्याच्या अलीकडे स्टुलावर, तो पलीकडे, आत, उलट्या खोक्यावर. त्याला आत कधी कुडकुडायला होत नसे. आणि तो एकच हट्ट धरायचा.

"ऊन कसं लागतं ते सांग ना." एव्हाना अहो-जाहो गळून पडलं होतं.

"हे काय विचारणं झालं? लागतं तसं लागतं."

"तसं नको. नीट सांग."

मग ती सांगायची. फाटकाची कडी दुपारी कशी चटका देते, म्हणून पदराने धरावी लागते. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना तोंड खुपसलं की कसा करपट, गोड वास येतो. गरम झालेली उशी उलटी केल्यावर पहिली दोन मिनिटं काय स्वर्ग असतो. सायकलच्या सीटवर बसल्याबरोबर माणूस कसा टुणकन उठतो. यावर तो इतका हसला की मिस्त्रींनी आतून खाकरून दाखवलं.

तो डोळे मिटून ऐकायचा. धाकटीला घरात तिचं एक वाक्य पुरं करू देत नसत. थोरली तोडायची, आई स्वयंपाकघरात निघून जायची, बाबा हं हं करत भलतंच वाचत बसायचे. आणि इथे एक देखणा मुलगा तिच्या उशीची गोष्ट डोळे मिटून ऐकत होता. प्रेमात पडायला आणखी काय लागतं हो?

एकदा त्याने तिचा हात हातात घेतला. गार होता, पण तिचे स्वतःचे हात दिवसभर बर्फातच असायचे, तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला एवढंच वाटलं की यंत्र थांबलं आहे. थांबलं नव्हतं, धपधपत होतं. तिला ऐकू येत नव्हतं इतकंच.

"तुझा तो पोरगा चिवट आहे हो," मासळीवाली मावशी एकदा म्हणाली. "आम्ही बर्फ नेतो तर बाजारापर्यंत रस्ताभर धार लागते. त्याच्या गोणपाटाला थेंब नाही! मी पाहिलं ना, कोपऱ्यापर्यंत रस्ता कोरडा ठणठणीत. बर्फालाही वितळू देत नाही मेला."

"काहीतरीच काय मावशी! जाड गोणपाट असेल."

"असेल बाई," मावशी म्हणाली. पण जाताना तिने धाकटीच्या गालाला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

५

सगळ्यांत आधी कळलं ते मांजरीला. घरची म्हातारी मांजर लहानपणापासून धाकटीच्या मांडीत झोपायची. ती एका संध्याकाळी मांडीत चढली, क्षणभर उभी राहिली आणि उतरून थोरलीकडे गेली. पुन्हा आली नाही.

मग आईच्या लक्षात आलं की पोरीला घाम येत नाही. सगळं घर पंखे घेऊन हाशहुश करतंय आणि ही सतरंजीवर शांत बसून केस विंचरतेय. आईला आधी बरंच वाटलं. "कारखान्याची हवा मानवली हिला," म्हणाली. पण एकदा उकळत्या चहाचा पेला तिने दोन्ही हातांत धरून ठेवला, धरूनच ठेवला, आणि आई ओरडली. धाकटीने तळवे पाहिले. चटका बसला नव्हता. लालसुद्धा झाले नव्हते.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, पाहिला, झटकला, परत लावला. दुसरा मागवला. तोही झटकला. "हल्ली माल चांगला येत नाही," ते म्हणाले आणि टॉनिक दिलं.

धाकटीला स्वतःला काही वाईट वाटत नव्हतं, हीच तर गंमत. सगळं जरा लांबून आल्यासारखं वाटायचं. भूक कमी, झोप भरपूर, आणि दुपारची ती वेळ तेवढी लख्ख. आरशात ती अधिक गोरी दिसायची. प्रेमात पडलं की माणूस उजळतं असं थोरली म्हणायची, ते खरंच असावं.

पण पंजा मात्र उठेना. पूर्वी शंभर आकडे मोजायच्या आत खळगा पडायचा. आता हात ठेवून ती उभी राहायची, यंत्राची धपधप ऐकत राहायची, आणि उचलला की नुसता पुसट आकार. मिस्त्रींनी एकदा पाहिलं. ते काही बाबांना जाऊन सांगणारे नव्हते. फक्त म्हणाले, "पोरी, तू पंजा देतेस?" तिने हात पाठीमागे घेतला. "उद्यापासून देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला." त्यांचा आवाज कापत होता, आणि मिस्त्रींना घाबरलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पंजा दिला नाही. तो आला, गुळगुळीत लादीकडे पाहिलं. रागावला नाही. म्हणाला, "आईला तुला बघायचंय. येतेस?"

तिला हो म्हणायचं होतं. खरं सांगायचं तर गेले कित्येक दिवस ती एवढंच ऐकायची वाट बघत होती.

६

टळटळीत दुपार होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तो सायकल हातात धरून चालत होता, मागे गोणपाटात लादी, आणि ती त्याच्या बाजूला. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. तिने मुद्दाम मागे वळून पाहिलं. दूधवाल्याच्या गाडीची ओली रेघ रस्त्याच्या मधोमध गेली होती, अजून वाळत होती. त्यांच्या मागे काही नव्हतं.

जाड गोणपाट, तिने मनाशी म्हटलं. मग तिला वाटलं, असं जाड गोणपाट असतं तर बाबांनी कधीच आणलं असतं. हा विचार तिने पुढे नेला नाही.

घर एका सरळ गल्लीत होतं, दोन्ही बाजूंना तशीच घरं. दाराला धुतलेला पडदा. बाहेरची खोली नीटनेटकी, टेबलावर कापड, कापडावर पालथे घातलेले दोन पेले. पंखा बंद होता. धाकटीने वहाणा काढल्या. लादी फुलासारखी उचलून तो आतल्या दाराकडे गेला, आणि तिच्या लक्षात आलं की इथे आवाजच नाही. शेजारचा रेडिओ नाही, भांडं नाही, माशी नाही. फरशी कोरडी होती. महिनाभर ज्या घरात रोज लादी येते, त्या घरात एक तरी फडकं, एक तरी बादली हवी की नको?

"ये ना," तो आतून म्हणाला.

ती उंबरा ओलांडून आत गेली.

चारही भिंतींना लाद्या लावलेल्या होत्या. जमिनीपासून छतापर्यंत, एकीवर एक, खिडकीसुद्धा बुजवलेली. बाहेरचं ऊन त्यातून झिरपून निळसर, पाण्यातल्यासारखं होऊन आत येत होतं. चौथ्या दिवसापासून कालपर्यंत त्याने नेलेली प्रत्येक लादी तिथे होती. एकही थेंबभरसुद्धा वितळली नव्हती. आणि प्रत्येक लादीवर, आतल्या बाजूला, तिचा पंजा होता. अंगठ्याखाली आडवा व्रण. खोल, कमी खोल, पुसट, आणि दारापाशी नुसती सावली.

मध्ये दोन खुर्च्या होत्या. एक रिकामी. दुसरीत एक बाई पाठमोरी बसली होती, शाल घेऊन, भिंतीकडे तोंड करून. तिचा हात वर केलेला होता. तो धाकटीच्या पंजात बसवलेला होता, बोटात बोट.

"आलीस?" बाई म्हणाली. आवाज चांगला होता, कुठल्याही आईचा असतो तसा. "किती ऊब आहे गं तुझ्या हाताला! किती दिवसांनी मला बरं वाटतंय. बस. उभी का?"

बाईने किंचित मान वळवली. धाकटीला कान दिसला आणि गालाचा थोडा भाग. गालावर दंव होतं, सकाळी गवतावर असतं तसं, आणि बाई बोलत असताना ते हललं नाही. धाकटीने नजर खाली घेतली.

"बस ना," तोही म्हणाला. "तू इथे असलीस की मग लादी आणायला नको."

७

आणि तिला बसायचं होतं. हे पुढे तिने कुणालाही सांगितलं नाही, पण तेच खरं होतं. पाय जड झाले होते. खुर्ची चांगली होती, तो शेजारी उभा राहणार होता, आणि रोज डोळे मिटून तिचं बोलणं ऐकणार होता. घरी कोण वाट बघत होतं? मांजरसुद्धा नाही.

तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग सवयीने भिंतीकडे पाहिलं. महिनाभर दुसरं केलं काय होतं तिने? पंजे बघायचे आणि लादी कुणाची ते सांगायचं. तिने दाराजवळच्या पुसट सावलीवर हात ठेवला. गार. त्याच्या पुढच्या पंजात ठेवला, मग पुढच्या, मागे मागे जात. भिंतीच्या टोकाला पहिली लादी होती, चौथ्या दिवसाची. तिने त्या खोल खळग्यात हात बसवला. चपखल बसला. आतला बर्फ गरम होता. हातात हात घेतल्यावर लागतो तेवढा गरम. तिचाच हात होता तो, उन्हाळ्याच्या सुरुवातीचा.

आणि धाकटीला रडू फुटलं, कारण ती किती गार पडली आहे ते तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"या लाद्या माझ्या आहेत," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. मग तिने गल्ल्यावर बसून बोलतात तसा आवाज काढला. "पंजा माझा आहे. ज्याचा पंजा त्याची लादी. मला परत हव्यात."

"नको गं," बाई म्हणाली. "असं नको करू."

तो तिच्याकडे बघत होता. दार त्याच्या मागे होतं. त्याने नाही म्हटलं असतं तर तिला तिथून एक पाऊल टाकता आलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बाहेर नेल्या तर त्या राहायच्या नाहीत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग आई..."

"माहीत आहे रे," ती म्हणाली. "पण माझी आई पण घरी आहे ना."

मग त्याने बाह्या सरसावल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्याने दाराजवळची लादी उचलली आणि बाहेर गेला. मग दुसरी. मग तिसरी. तो लादी रस्त्यावर उन्हात ठेवत होता आणि आत उभी राहूनही तिला ऐकू येत होतं: चर्र, मग टप टप, मग पाणी वाहायचा आवाज. प्रत्येक लादीबरोबर तिच्या अंगात काहीतरी परत येत होतं. बोटं दुखायला लागली. कानशिलं तापली. पाठीवरून घामाचा ओघळ गेला. खिडकी मोकळी झाली आणि रखरखीत, पिवळं, खरं ऊन खोलीत पडलं. तिने बाईकडे बघितलं नाही. फक्त आवाज ऐकला, दर खेपेला बारीक होत गेलेला.

"थंडी वाजतेय रे मला. बाळा, थंडी वाजतेय."

शेवटी एकच लादी राहिली, पहिली. तो तिच्यापाशी गेला, वाकला. त्याचे ओठ निळे पडले होते. तिला तो इतका आवडला त्या क्षणी, की तिला जोरात ओरडावंसं वाटलं.

"ती राहू दे," धाकटी म्हणाली.

"ही सगळ्यांत जास्त..."

"म्हणूनच. राहू दे. दोघांनी मिळून वापरा. जपून."

त्याने मान हलवली. तिच्याजवळ आला, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "आज ऊन कसं आहे?" त्याने विचारलं.

"फार कडक आहे," ती रडत म्हणाली. "चटका बसतोय. वहाणा घातल्याशिवाय जाता यायचं नाही."

तो हसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

बाहेर गल्लीभर पाणी झालं होतं. धाकटी त्यातून धावत सुटली.

८

तिला आठ दिवस ताप होता, चांगला सणसणीत. डॉक्टर खूश झाले, थर्मामीटर सुधारला म्हणाले. सुट्टी संपली. तो पुन्हा आला नाही आणि ती त्या गल्लीत गेली नाही. मिस्त्रींनी कधी काही विचारलं नाही. पुढे घरोघरी फ्रीज आले, कारखाना बंद पडला. धाकटीचं लग्न झालं, मुलं झाली, मुलांना मुलं झाली.

फक्त तिचा उजवा तळवा गार राहिला. बाकी अंग सगळ्यांसारखं, पण तो तळवा भर उन्हात गार. नवरा चेष्टा करायचा, "घरात हिचा एक हात आहे म्हणून पाण्याचा माठ घेतला नाही." मुलांना ताप आला की त्यांना औषधाआधी आईचा तो हात कपाळावर हवा असायचा. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट, पहाटे जाग आली की ती डाव्या हाताने उजवा चाचपायची. गार लागायचा. म्हणजे कुठेतरी ती लादी अजून पुरतेय, पुरवून वापरतायत, असं तिच्या मनात यायचं. तोंडाने ती ते कधी बोलली नाही. बोलून सांगणार काय?

या उन्हाळ्यात नातीला ताप आला. दुपारची वेळ, पडदे ओढलेले. आजी तिच्या उशाशी बसली आणि नेहमीप्रमाणे कपाळावर हात ठेवला.

नात कुरकुरली. "आजी, हा नको. तो गारवाला ठेव ना."

आजीने हाताकडे पाहिलं. उजवाच होता. तळव्याला बारीक घाम सुटला होता.

"ठेवते हं," ती म्हणाली.

ती उठून मोरीत गेली, दार लावून घेतलं आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. ती बराच वेळ मोठ्याने रडत होती, पण नळ चालू होता म्हणून बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. पाण्याने हात पुरता गार झाल्यावर तिने तोंड पुसलं, परत आली आणि तो पोरीच्या कपाळावर ठेवला.

"हां, हाच," नात म्हणाली आणि झोपली.